गाव कुठलं तुमचं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच पोचलेली. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं.

देशात कुठेही मोकळेपणाने फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ने या पाचही जणांना दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातलं तेरावं कलमही हेच सांगतं. पण अनोळखी गावात शिरताना आपल्यापैकी बहुतेकांना फार तर ‘कोणाकडे आलात?’ असं विचारतात. पाल ठोकणाऱ्याला मात्र पहिला प्रश्न येतो तो संशयाचा.

हा संशय कायद्याने शिकवलेला आहे. ब्रिटिशांनी १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, मुक्काम हलवायचा तर आधी कळवायचं, पास घेऊन जायचं, ठरल्या वेळेत परतायचं. पासाशिवाय सापडला तर शिक्षा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहतच उभी राहिली. आतली माणसं गिरणीत राबायला जायची आणि हजेरीला परत यायची. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात हा कायदा गेला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याची जागा राज्याराज्यांतल्या सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९चा. त्यात जमातीचं नाव नाही, तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावरच येते, हे भटक्या-विमुक्तांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

आणि मला सगळ्यात जास्त खुपतो तो कागदाचा पेच. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातीचा दाखला काढायचा, तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ रोजी राज्यात राहत होतं हे दाखवावं लागतं. ज्यांचे आजोबा आज या शिवारात तर उद्या त्या, ज्यांच्या नावावर घर नाही की सातबारा नाही, त्यांनी त्या तारखेचा मुक्काम कुठून सिद्ध करायचा? कागद नसला तर गृहचौकशीची सोय आहे, पण त्यासाठी अधिकाऱ्याने पालापर्यंत यायला हवं. तोवर पाल उठलेलं असतं. दाखला नाही म्हणून सवलत नाही. रेशन आता देशात कुठेही मिळतं, पण आधी कार्ड हवं, आणि कार्डाला पत्ता हवा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंग नियमावल्यांतला जातीभेद रद्द केला. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. हा आदेश तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत उतरायला हवा आणि दाखल्यांची शिबिरं पालावरच भरायला हवीत, तीही पाल उठायच्या आत.