नाव आठवत नाही? प्रकार तर आठवतो!



या अंकात आम्ही संगणकाविषयी लिहीत आहोत, पण त्याचे निमित्त आपल्या शाळेचेच आहे.

आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी २००६ साली या वार्तापत्रासाठी आपल्या आठवणी लिहून दिल्या होत्या. पावसाळ्यात वर्ग कसे भरत, पाटी-पेन्सिल कुठून येई, घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी इंदूरची मुले शुद्धलेखनात कुठे अडखळत, असे सगळे त्यात होते. बाई आज हयात नाहीत. यंदा तो लेख पुन्हा छापावा असे संपादक मंडळात ठरले. कपाटात अंकाची एकच प्रत सापडली आणि नेमकी तीच पाने वाळवीने खाल्लेली होती. तो अंक ज्या संगणकावर लावला होता तो मात्र आमच्यापैकी एकाच्या घरी माळ्यावर गुंडाळून ठेवलेला होता. भंगारवाल्याशी बोलणेही झाले होते!

आम्ही संगणक खाली उतरवला. सुदैवाने तो सुरू झाला. ‘आठवणी’ या नावाने शोधले, बाईंच्या आडनावाने शोधले, ‘शाळा’ हा शब्द घालून शोधले. काहीच हाती लागेना. तेव्हा मदतीला आलेल्या नववीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “त्या वेळी अंक कशात लावायचे?” आम्ही म्हटले, “पेजमेकरमध्ये.” तो म्हणाला, “मग नाव कशाला आठवायचे? पेजमेकरच्या सगळ्याच फायली मागू या की!” थोड्याच वेळात अकरा फायलींची यादी समोर आली. बाईंचा लेख ‘न्यू २ फायनल’ अशा नावाच्या फाईलमध्ये होता. असे नाव कोणाला आठवणार होते?

त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

फाईलचे आडनाव

प्रत्येक फाईलच्या नावात सहसा दोन भाग असतात. आधी आपण दिलेले नाव, मग टिंब आणि टिंबानंतर तीन-चार अक्षरे. या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्याला फाईलचे आडनाव म्हणू. डॉसच्या काळात नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरे एवढीच जागा असे. १९९५ साली विंडोज ९५ आल्यावर लांब नावे देता येऊ लागली, पण आडनावाची पद्धत टिकून राहिली. फाईल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची हे विंडोज या आडनावावरूनच ठरवते.

आडनाव म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठी समजा. चिठ्ठीवरून डब्यात काय आहे ते कळते, पण मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहिल्याने मीठ गोड होत नाही. तसेच एक्स्टेन्शन बदलल्याने फाईलचा प्रकार बदलत नाही. ती उघडायची मात्र थांबू शकते. म्हणून आडनावाला हात लावू नये.

विंडोज हे आडनाव मुळात लपवून ठेवते. ते दिसावे यासाठी फाईल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ वर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये पुढे ‘शो’ निवडावे लागते. तेथे ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ असे लिहिलेले दिसेल, त्यापुढे खूण करा.

याचा दुसराही फायदा आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू ईमेलमधून जगभर पसरला. त्याच्या फाईलच्या नावात ‘टीएक्सटी’ ही अक्षरे होती, पण खरे आडनाव त्यापुढचे ‘व्हीबीएस’ होते. आडनाव लपलेले असल्यामुळे अनेकांना ते साधे पत्र वाटले आणि त्यांनी ते उघडले. आडनाव दिसत असले तर अशी फसगत टळू शकते.

शोधायचे कसे?

(खालील आडनावे आम्ही देवनागरीत छापली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी अक्षरांत करावीत. लहान-मोठी अक्षरे कशीही चालतात.)

१. फाईल एक्सप्लोरर उघडून डावीकडे ‘धिस पीसी’ वर क्लिक करा. असे केल्याने सगळ्या ड्राईव्हमध्ये शोध होईल. एखाद्याच फोल्डरमध्ये शोधायचे असेल तर तो फोल्डर उघडा.

२. वर उजवीकडे शोधाची चौकट आहे. तीत तारका, टिंब आणि आडनाव टाईप करा. उदाहरणार्थ, *.जेपीजी. येथे तारकेचा अर्थ ‘नाव काहीही असो’ असा होतो. 

३. एंटर दाबा आणि धीर धरा. विंडोजने डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा नेहमीच्या फोल्डरांचीच सूची आधी करून ठेवलेली असते. इतर ठिकाणी एकेक फोल्डर तपासावा लागतो, म्हणून वेळ लागतो.

४. यादी आली की ‘व्ह्यू’ मधून ‘डिटेल्स’ निवडा आणि ‘साईझ’ या मथळ्यावर क्लिक करा. प्रोग्रॅमची बारीकसारीक चित्रे एका टोकाला जातील, कॅमेऱ्याचे मोठे फोटो दुसऱ्या टोकाला येतील. ‘डेट मॉडिफाइड’ वर क्लिक केले तर फायली तारखेप्रमाणे लागतील.

आडनाव ठाऊक नसेल तर इंग्रजीत ‘काईंड’ हा शब्द, त्याला लागून कोलन आणि पुढे ‘पिक्चर’, ‘म्युझिक’, ‘व्हिडिओ’ किंवा ‘डॉक्युमेंट’ असे टाईप करा. त्या प्रकारातली अनेक आडनावे एकदमच शोधली जातात.

घरात विंडोज एक्सपीचा जुना संगणक असेल तर ‘स्टार्ट’ मधून ‘सर्च’ उघडा. बहुधा तो ओळखीचा कुत्रा हजर होईल! ‘ऑल फाईल्स अँड फोल्डर्स’ निवडून नावाच्या जागी वरीलप्रमाणेच तारका, टिंब आणि आडनाव लिहा.

कोणती आडनावे शोधावीत?

छायाचित्रे: जेपीजी, जेपीईजी, पीएनजी. २०१७ नंतरच्या आयफोनवरून आलेली असतील तर एचईआयसी.

लेख व पत्रे: डीओसी. ऑफिस २००७ पासून डीओसीएक्स. *.डीओसी* असे शेवटीही तारका देऊन लिहिले तर दोन्ही येतात. शिवाय टीएक्सटी, आरटीएफ आणि पीडीएफ.

छापलेले अंक, पत्रिका: पेजमेकर ६.५ साठी पी६५, पेजमेकर ७ साठी पीएमडी, कोरलड्रॉसाठी सीडीआर.

आवाज: एमपी३, डब्ल्यूएव्ही. जुन्या मोबाईलवर टेप केलेले बोलणे एएमआरमध्ये असू शकते.

चित्रफिती: एव्हीआय, एमपी४. जुन्या मोबाईलच्या ३जीपी.

मराठी शब्द घालून का सापडत नाही?

‘शाळा’ हा शब्द लेखात पंचवीस वेळा असूनही संगणकाला तो का दिसला नाही? याचे उत्तर जुन्या फाँटमध्ये आहे.

इंग्रजी अक्षरांना जसे संगणकात ठरलेले क्रमांक असतात तसे देवनागरीला युनिकोडने १९९१ मध्ये दिले आणि विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली. तरी छपाईचे काम त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या फाँटमध्येच चालले. महाराष्ट्रात श्रीलिपी, शिवाजी, किरण असे फाँट वापरात होते. आपल्या इंदुरात हिंदी टायपिंगच्या दुकानांतून कृतिदेव चाले, तेव्हा आपला मराठी मजकूरही पुष्कळदा त्यातच टाईप होई. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असते. डोळ्यांना ‘शाळा’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे काही इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. आज आपण युनिकोडमध्ये ‘शाळा’ टाईप केले तर ते त्यांच्याशी जुळणार कसे?

यातूनच एक मोठा धोका उद्भवतो. अशी फाईल नव्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फाँट नसला, तर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसते. फाईल बिघडली असे समजून लोक ती पुसून टाकतात. कृपा करून असे करू नका! मजकूर आत शाबूत असतो. तो फाँट घातला की पुन्हा वाचता येतो आणि युनिकोडमध्ये बदलून घेण्याची साधनेही मिळतात. म्हणून जुन्या संगणकातला ‘फाँट्स’ हा फोल्डरसुद्धा उतरवून घ्या. पेजमेकरच्या फायलींची शक्य तर तेथेच पीडीएफ करून घ्या, कारण तो प्रोग्रॅम आता बंद झाला आहे.

सापडल्यावर काय करावे?

यादीतल्या फाईलवर उजवे बटण दाबून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडा आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो पूर्ण फोल्डरच कॉपी करा. फोटोचे नाव ‘डीएससी’ आणि आकडे एवढेच असते, पण फोल्डरवर ‘ताईचे लग्न’ लिहिलेले असते. ती ओळख हरवू देऊ नका.

एकच नाव दोन फोल्डरांत असू शकते. कॉपी करताना संगणकाने ‘रिप्लेस’ करू का असे विचारले तर हो म्हणू नका, दोन्ही ठेवा. नाहीतर एका सहलीचे फोटो दुसऱ्या सहलीवर चढतील आणि पहिले नाहीसे होतील.

कॉपी करा, कट करू नका. एक प्रत पेनड्राईव्हवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर अशा दोन प्रती ठेवा. त्या उघडून पाहिल्याशिवाय मूळ फायली पुसू नका.

संगणक सुरूच होत नसला तरी निराश होऊ नका. आतली हार्ड डिस्क पुष्कळदा चांगली असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला विचारा.

हे सगळे आत्ताच सांगण्याचे कारण असे, की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यामुळे पुष्कळ घरांतून जुने संगणक बदलले जात आहेत. जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. मुलांनी शोधावे आणि आजी-आजोबांना शेजारी बसवावे. फोटो मुलांना सापडतील, पण त्यातली माणसे कोण हे आजीच सांगू शकेल. सांगितलेली नावे लगेच वहीत उतरवून घ्या.

बाईंचा लेख पुढच्या अंकात येत आहे. तुमच्या घरच्या संगणकात शाळेचे जुने फोटो, स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती किंवा २०१० पूर्वीचे अंक सापडले, तर पेनड्राईव्हवर घालून कार्यालयात आणून द्या. उतरवून घेऊन पेनड्राईव्ह त्याच दिवशी परत देऊ.

— संपादक मंडळ