महारोहिणीविस्फार, उदरीय

उदरातील महारोहिणीच्या (हृदयापासून निघून सर्व शरीरास शुद्ध रक्त पुरविणाऱ्या प्रमुख वाहिनीच्या) भित्तीचा एखादा भाग दुर्बल होऊन कायमचा फुगल्यास त्या विकृतीस उदरीय महारोहिणीविस्फार म्हणतात. प्रौढ व्यक्तीत वृक्करोहिणींच्या (मूत्रपिंडांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या) खाली महारोहिणीचा व्यास सु. २ सेंमी. असतो, तो ३ सेंमी. वा अधिक झाल्यास विस्फार झाला असे मानतात. बहुतेक विस्फार याच टप्प्यात, म्हणजे वृक्करोहिणींचे उगम आणि नाभीच्या पातळीजवळ महारोहिणी दोन शाखांत विभागते ते स्थान यांच्या दरम्यान आढळतात. ही विकृती वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखविता वाढत राहते आणि पहिले लक्षण दिसते तेच पुष्कळदा भित्ती फाटल्याचे असते. त्यामुळे तिच्या निदानाचा प्रश्न उपचारांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कारणे : महारोहिणीच्या भित्तीस लवचिकपणा इलॅस्टीन या प्रथिनामुळे व बळकटी कोलॅजेनामुळे येते. विस्फारात दीर्घकालीन शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) निर्माण होणारी एंझाइमे ही दोन्ही प्रथिने हळूहळू नष्ट करतात. रोहिणीकाठिण्य सोबत असतेच. परंतु तेच एकमेव कारण आहे, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. साठीनंतरचे वय, पुरुष असणे, उच्च रक्तदाब आणि जवळच्या नातलगांत हा विकार असणे यांमुळे धोका वाढतो. टाळता येण्याजोग्या कारणांत मात्र धूम्रपानाइतके प्रबळ दुसरे कोणतेही नाही. हृदयाच्या रोहिणींना अत्यंत घातक असलेला मधुमेह येथे उलट कमी प्रमाणात आढळतो, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. क्वचित जंतुसंसर्गाने वा आनुवंशिक संयोजी ऊतकविकारानेही विस्फार होतो.

भित्तीवरील ताण हा आतील दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि भित्तीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाहिनी रुंदावली की ताण वाढतो, ताणाने ती आणखी रुंदावते व पातळ होते. म्हणून विस्फार आपोआप आकुंचन पावून बरा होण्याची शक्यता नसते. लहान विस्फार सामान्यतः वर्षाला दोन-तीन मिमी. वाढतो, धूम्रपान चालू असल्यास हा वेग वाढतो.

निदान : कृश व्यक्तीच्या नाभीच्या वरच्या भागात हात ठेवल्यास स्पंदन पावणारी गाठ हाताला लागते. केवळ स्पंदन जाणवणे पुरेसे नसते, कारण कृश व्यक्तीत निरोगी महारोहिणीचेही ठोके लागतात. गाठीच्या दोन्ही बाजूंस ठेवलेले हात प्रत्येक ठोक्यास एकमेकांपासून दूर ढकलले जातात की नाही, हे पाहावे लागते. स्थूल व्यक्तीत ही परीक्षा फसवी असते. साध्या क्ष-किरण चित्रात भित्तीतील कॅल्शियमाच्या थरामुळे अंड्याच्या कवचासारखी रेषा कधीकधी दिसते. कमरेसाठी वा मणक्यांसाठी काढलेल्या चित्रात अशी रेषा अवचित आढळून कित्येकांच्या विकाराचा शोध लागला आहे. रोहिणीत रंजक द्रव्य सोडून घेतलेले चित्र मात्र व्यासाविषयी दिशाभूल करू शकते. विस्फाराच्या आत साखळलेल्या रक्ताचे जाड अस्तर असते व उरलेला मार्ग जवळजवळ नेहमीच्या रुंदीचा दिसतो.

श्राव्यातीत ध्वनीने केलेले चित्रण (सोनोग्राफी) हे निदानाचे मुख्य साधन आहे. ते वेदनारहित व स्वस्त असून काही मिनिटांत व्यास मोजता येतो. शस्त्रक्रियेची आखणी करण्यासाठी मात्र संगणकीकृत छेदचित्रण (सीटी स्कॅन) आवश्यक असते.

लक्षणे नसलेल्या व्यक्तींची सरसकट तपासणी करावी काय, या प्रश्नाचे उत्तर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने दिले. त्यात ६५ ते ७४ वर्षे वयाच्या सु. ६७,८०० पुरुषांपैकी निम्म्यांना तपासणीसाठी बोलाविण्यात आले. चार वर्षांत या गटात विस्फारामुळे होणारे मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा ४२ टक्क्यांनी कमी झाले. या आधारावर इंग्लंडमध्ये २००९ पासून पासष्टीच्या पुरुषांसाठी सार्वजनिक तपासणी योजना सुरू झाली. भारतात अशी राष्ट्रीय योजना नाही; येथे निदान बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत होते.

विदारण : भित्ती फाटल्यास पोटात वा पाठीत एकाएकी तीव्र वेदना, रक्तदाब घसरणे व स्पंदन पावणारी गाठ ही तीन लक्षणे वर्णिली जातात, परंतु ती तिन्ही एकत्र पुष्कळ रुग्णांत नसतात. डाव्या कुशीतील वेदना मूतखड्याची समजली जाणे ही नेहमीची व घातक चूक होय. साठीपुढील धूम्रपान करणाऱ्या पुरुषास आयुष्यात प्रथमच मूतखड्यासारखी वेदना सुरू झाल्यास आधी महारोहिणी पाहिली पाहिजे. रक्तस्राव पर्युदराच्या (उदरपोकळीच्या अस्तराच्या) मागील जागेत काही काळ अडून राहिला, तरच रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतो. बहुसंख्य रुग्ण वाटेतच दगावतात.

सुप्रसिद्ध भौतिकीविज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा मृत्यू याच विकाराने झाला. पोटदुखीच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांमुळे १९४८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे रूडोल्फ निसेन यांनी त्यांचे उदर उघडले, तेव्हा मोठा विस्फार आढळला. तो काढून टाकण्याचे तंत्र त्या वेळी नव्हते. निसेन यांनी त्यावर सेलोफेनाचे आवरण गुंडाळले. त्याच्या क्षोभाने भोवती तंतुमय ऊतक वाढून भित्तीस आधार मिळेल, अशी त्यामागील कल्पना होती. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ जगले. एप्रिल १९५५ मध्ये पुन्हा वेदना सुरू झाल्यावर पित्ताशयाच्या दाहाचाही संशय घेण्यात आला. तोवर शस्त्रक्रिया शक्य झाली होती. परंतु आयुष्य कृत्रिम रीतीने लांबविण्यास त्यांनी नकार दिला व १८ एप्रिल रोजी प्रिन्स्टन येथे ते मरण पावले. शवपरीक्षेत विस्फार फुटल्याचे दिसून आले.

उपचार : सेलोफेनापूर्वीचे उपाय याहून निरुपायाचे होते. लंडन येथे ॲस्ट्ली कूपर यांनी १८१७ मध्ये महारोहिणीच बांधून टाकली. रुग्ण दोन दिवसही जगला नाही. असे बंधन १९२३ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथील रूडॉल्फ मॅटस यांनी प्रथम यशस्वी केले. विस्फारित भाग काढून त्या जागी मृत व्यक्तीची रोहिणी जोडण्याची शस्त्रक्रिया पॅरिस येथे चार्ल्स ड्यूबो यांनी मार्च १९५१ मध्ये केली. मानवी रोहिणी मिळविणे कठीण व तिचे टिकणे अनिश्चित असल्याने कृत्रिम नळीचा शोध सुरू झाला. अमेरिकेतील आर्थर व्होऱ्हीस यांना प्रयोगातील कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी धाग्यावर गुळगुळीत अस्तर वाढलेले दिसले होते. त्यावरून त्यांनी कापडाची नळी सुचविली. ह्यूस्टन येथील मायकेल डबेकी यांनी डेक्रॉन कापडाची नळी आपल्या पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवली. दुकानात नायलॉन संपले होते म्हणून डेक्रॉन घेतले, असे ते सांगत. योगायोगाने तेच अधिक टिकाऊ ठरले.

उघड्या शस्त्रक्रियेत आता विस्फार समूळ काढीत नाहीत. वर व खाली चिमटे लावून तो उघडतात, नळी आतून शिवतात व जुनी भित्ती तिच्यावर लपेटतात. दुसरी पद्धत जांघेतील रोहिणीतून नळी आत नेण्याची. खार्किव्ह येथील निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ मध्ये वक्षीय महारोहिणीत आणि ब्वेनस एअरीझ येथील हुआन पारोदी यांनी सप्टेंबर १९९० मध्ये उदरीय विस्फारात ती योजिली. धातूच्या जाळीवर ताणलेली ही कापडी नळी (स्टेंट-कलम) आत उघडते व रक्त तिच्यातून वाहू लागल्याने दुर्बल भित्तीवरील दाब उतरतो. मोठ्या ब्रिटिश चाचणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्युप्रमाण या पद्धतीत १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के आढळले. हा लाभ पुढे टिकला नाही. नळीच्या कडेने रक्त गळणे, ती सरकणे यांमुळे पुनःपुन्हा उपचार करावे लागले, आणि आठ वर्षांनंतर तर या गटातील मृत्यू अधिक भरले. ज्याने ही पद्धत स्वीकारली त्याने आयुष्यभर नियमित चित्रण करून घेणे क्रमप्राप्त आहे; तपासणीस नियमित येणे शक्य नसलेल्या, परंतु प्रकृतीने धडधाकट अशा रुग्णास उघडी शस्त्रक्रियाच हितावह ठरू शकते.

शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा वाद ४ ते ५.५ सेंमी. व्यासाच्या विस्फारांविषयी होता. १९९८ व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश व अमेरिकन चाचण्यांत लवकर शस्त्रक्रिया केल्याने आयुर्मान वाढले नाही. त्यामुळे पुरुषांत ५.५ सेंमी. ही मर्यादा रूढ झाली. स्त्रियांत विदारण कमी व्यासातही होत असल्याने ५ सेंमी. हा आकडा सुचवितात. वेदना वा झपाट्याने वाढ असल्यास आकड्याची वाट पाहत नाहीत. मर्यादेखालील विस्फारावर नजर ठेवतात : इंग्लंडमध्ये ४.४ सेंमी.पर्यंत वर्षातून एकदा व त्यापुढे दर तीन महिन्यांनी मापन करतात. वाढ निश्चितपणे थांबविणारे औषध उपलब्ध नाही. रक्तदाबावरील व कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे देतात, ती मुख्यतः हृदयविकार व पक्षाघात टाळण्यासाठी, कारण लहान विस्फार असलेले पुष्कळ रुग्ण त्यांनीच दगावतात. फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैव औषधे (उदा., सिप्रोफ्लॉक्सासीन) शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिला आहे.