मांजर गोधडी का मळतं?

मागच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपल्यावर एका ताईंनी हळूच एक प्रश्न विचारला. त्यांची मनी रोज रात्री अंथरुणावर येते, डोळे अर्धवट मिटते आणि पुढचे दोन्ही पाय एकामागून एक दाबत गोधडी तुडवत बसते. कणीक मळावी तशी. सासूबाई म्हणतात, हिला काहीतरी लागलंय, पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून या. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे ताईंनाही धास्ती वाटते. पण मनी गेली तर कणगीतल्या ज्वारीवर उंदीर तुटून पडणार. करायचं काय?

आधी एक सांगते. मनीला काही लागलेलं नाही.

हे कोडं सोडवायला आपल्या गोठ्यातच जाऊ. वासरू दूध पिताना काय करतं? नुसतं सडाला तोंड लावून उभं राहत नाही. मधूनमधून कासेला ढुशा देतं. ढुशी बसली की गाय पान्हा सोडते. धार काढायच्या आधी आपणही वासरू लावतो, कास धुतो, चोळतो, ते त्याचसाठी. मांजरीच्या पिल्लाला ढुशी देता येत नाही, ते पंजे वापरतं. जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद असतात. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात. तोवर ऊब आणि वास एवढ्याच खुणांवर ते आईच्या पोटाशी पोचतं, आचळ धरतं आणि आजूबाजूला इवल्या पंजांनी दाबत राहतं. या दाबण्यानं आणि चोखण्यानं आईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचा रस सुटतो आणि दूध उतरतं. हाच रस गाईत असतो, शेळीत असतो, आपल्यातही असतो. अंगावर पिणारं बाळ हातानं छाती चाचपत असतं ना, त्यानंही पान्हा फुटायला मदत होते. तेव्हा बाळाचा हात बाजूला सारू नका बरं का.

आणखी एक गंमत. पिल्लू पिता पिता घुरघुरू शकतं. आईही घुरघुरते. म्हणजे पोट भरणं, ऊब, आईची घुरघुर आणि पंजांचं दाबणं हे सगळं त्याच्या आयुष्याच्या पहिल्या दिवसांतच एकत्र बांधलं जातं. पुढे मांजर मोठं होतं, उंदीर मारतं, पण मऊ, उबदार जागा मिळाली आणि जीव निवांत झाला की पाय आपोआप चालू लागतात. मनीला तुमची गोधडी म्हणजे आईचं पोट वाटतं म्हणा ना.

काही जण म्हणतात, लवकर आईपासून तोडलेली मांजरंच असं करतात. तसं नाही. आईजवळ नीट वाढलेलीही करतात. पण म्हणून पिल्लं लवकर तोडू नयेत हे खोटं ठरत नाही. निदान दोन महिने ती आईजवळ राहू द्या. आपण तीन आठवड्यांचं पिल्लू उचलून आणतो, गाईचं दूध बशीत घालतो, मग ते हगवणीनं जातं आणि आपण म्हणतो, नशिबात नव्हतं.

मळण्याची दुसरीही कारणं आहेत. मांजराच्या तळव्याच्या गाद्यांत वासाच्या ग्रंथी असतात. दाबलं की तिचा वास कापडाला लागतो, आपल्याला येत नाही, पण दुसऱ्या मांजराला कळतं की ही जागा कुणाची आहे. मांजरी माजावर आली की तेव्हाही पाय तुडवते, पण त्या वेळी ती लोळते, घसा ताणून ओरडते, त्यामुळे ओळखू येतं. रानातल्या मांजरांना निजण्याआधी गवत तुडवायची सवय असेल, तीच उरली, असंही काही जाणकार म्हणतात. मला ते आईच्या पोटाचं कारणच जास्त पटतं.

आता धास्तीचं बघू. मळताना मांजर नख्या बाहेर काढतं, रागानं नाही, सुखानं. पण बाळाची कातडी पातळ. म्हणून मांजराला बाळाच्या अंथरुणात निजू देऊ नका, मग ते कितीही गरीब असो. आपल्या मांडीवर मळायला लागलं तर जाड कापड टाका किंवा हळूच खाली ठेवा. फटकारू नका, त्याला कळणारच नाही की मार कशाचा बसला.

ओरखडा उठला तर मात्र हयगय नको. पिसाळीचा रोग कुत्र्यापासून होतो तसा मांजरापासूनही होतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. रक्त आलं नसलं तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं आणि लशीच्या सांगितलेल्या सगळ्या सुया घ्यायच्या, दोन घेऊन थांबायचं नाही. मनीलाही पशुवैद्यकीय दवाखान्यात पिसाळीची लस टोचून घ्या, दरवर्षी.

आणि हो, मळता मळता काही मांजरं कापड चोखतात. तेव्हा गोधडीचे सुटे दोरे कापून टाका. दोरा पोटात गेला तर आतड्यात अडकतो आणि मांजर दगावू शकतं.

त्या ताई काल भेटल्या. बाळाचा पाळणा आता मच्छरदाणीत आहे. मनीसाठी चुलीपासून हातभर लांब जुन्या वाकळेचा तुकडा टाकलाय. पहिले दोन दिवस तिनं तो हुंगलाही नाही. मग सासूबाईंनीच आपलं जुनं लुगडं घडी करून त्यावर घातलं, आणि आता मनी तिथंच मळते.