डिश रोखायची कुणावर?

छतावर डिश बसवणारा कारागीर सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावरचे दोन आकडे पाहतो. त्यातला ‘स्ट्रेंग्थ’ फसवा. डिश शेजारच्या उपग्रहाकडे वळली तरी तो वाढतो. ‘क्वालिटी’ चढली, तरच हवा तो उपग्रह सापडला.

भूस्थानकाच्या मोठ्या डिशला एवढ्यावर भागत नाही. तिचा झोत अंशाच्या काही दशांशांइतकाच, कधी त्याहूनही अरुंद. तिच्यासाठी उपग्रहाचा बीकन चांगला : कार्यक्रमांचं ओझं नसलेला, एकाच वारंवारितेवर अखंड येणारा बारीक संकेत. वाहिन्यांचा संकेत वाहतुकीनुसार कमीजास्त होऊ शकतो. मग डिश हलली की संकेत, हे कळत नाही.

पण सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवरचा उपग्रहही आपल्या जागेभोवती किंचित डोलतो. म्हणून डिशच्याच यंत्रणेतली चूक शोधायची, तर मला आकाश अधिक भरवशाचं वाटतं. सूर्य प्रखर खरा, पण अर्धा अंश रुंद. अरुंद झोताला त्याचा नेमका मध्य पकडणं कठीण. नारायणगावजवळच्या खोडद परिसरातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या डिश ‘3सी 286’सारख्या क्वेसारवर, म्हणजे दूरच्या आकाशगंगेच्या तेजस्वी केंद्रावर, रोखून तपासता येतात. तो जवळजवळ बिंदूसारखा दिसतो आणि त्याचं स्थान अचूक ठाऊक आहे. मात्र त्याचा क्षीण संकेत टिपायला डिशही तेवढीच मोठी लागते.