खोली मिळाली, पण करार नोंदवला का?

जून-जुलै आला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतकडची मुले-मुली शिकायला अहिल्यानगर शहरात येतात. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर सावेडी, केडगावसारख्या भागांत चौघे मिळून खोली घेतात. भाडे ठरते, डिपॉझिट दिले जाते, किल्ली मिळते. कागद मात्र होत नाही. मध्येच खोली खाली करायला सांगितली किंवा डिपॉझिट अडकले, की या मुलांच्या हातात काहीच नसते. कार्यकर्ते म्हणून आम्ही हे दरवर्षी पाहतो.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे समोरच्याने सिद्ध करायचे असते.

'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा गैरसमज आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असेही नाही. नोंदणी आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500 रुपये. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. समजा, भाडे महिना 8,000, डिपॉझिट 20,000 आणि मुदत अकरा महिने; तर मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास येते. एजंटचे पैसे वेगळे धरले, तर चौघांत हा खर्च जड नाही.

आपल्या मुलांसाठी या कागदाला आणखी एक महत्त्व आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. 'इतर जिल्हे' या गटात वर्षाला 43,000 रुपये ठरले. त्यांतले निवासाचे 12,000, म्हणजे महिन्याला हजार. वरच्या उदाहरणात प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजार भाडे येते. रक्कम अपुरी आहे, ती वाढवण्याची मागणी केलीच पाहिजे. पण अर्ज करताना राहण्याचा पुरावा लागतो आणि करार तिथेही कामी येतो.

सही करण्यापूर्वी एवढे पाहा:
- राहणाऱ्या सगळ्यांची नावे करारात हवीत. अठरा वर्षांखालील असेल, तर पालकांनी करार करावा.
- डिपॉझिट किती, परत कधी, वीज-पाण्याचे बिल कोणाकडे, किती दिवसांची नोटीस, हे लिहून घ्या. लेखी करारात जे आहे तेच पुरावा ठरते.
- पैसे ऑनलाइन द्या किंवा पावती घ्या.
- मुदत संपली की खोली सोडा किंवा नवा करार करा. नाहीतर दुप्पट भाड्याची भरपाई मागितली जाऊ शकते.

इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त जण एका घरात सामाईक राहत असतील, तर घरमालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर जागेची अट आहे. आपल्याकडे मुलांचा मुख्य आधार हा करारच आहे.

करार ही पुढची पायरी झाली. आडनाव ऐकून 'खोली गेली' म्हणणाऱ्यावर करार चालत नाही. 1917 मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना जातीमुळे राहती जागा सोडावी लागली. 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत, पर्यायही उभा केला.

आपणही तेच करू या. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक विहारात दोन कार्यकर्ते बसवा. खोली देणाऱ्या चांगल्या घरमालकांची यादी ठेवा, करार वाचून द्या, स्वाधारचा अर्ज भरून द्या. खोलीपायी एकाही मुलीचे शिक्षण सुटता कामा नये.

जय भीम!