साग, पाइन आणि चक्रवाढ व्याज

१९९० च्या दशकात वर्तमानपत्रांतून सागाच्या लागवडीच्या जाहिराती झळकत. आज थोडे पैसे गुंतवा, वीस वर्षांनी झाड तुम्हाला मालामाल करील, असा त्यांचा सूर. कित्येक मध्यमवर्गीयांनी गुंतवले आणि पुष्कळ योजना बुडाल्या. सेबीने १९९९ मध्ये अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणली, तोवर बऱ्याच घरांतले पैसे गेले होते.

फसवणूक ओळखायला गणित फारसं लागत नव्हतं. समजा, हजाराचे वीस वर्षांत पन्नास हजार व्हायचे, तर दर साल सुमारे साडेएकवीस टक्के चक्रवाढ हवी. साग त्या चालीने वाढत नाही. सरकारी जंगलात तो साठ-ऐंशी वर्षांनी तोडायची रीत. पण झाडाची वाढ ज्याला ठाऊक, त्याचा व्याजाशी संबंध नव्हता आणि ज्याला व्याज कळत होतं, त्याने सागाचं रान पाहिलेलं नव्हतं.

ही दोन्ही माणसं एकाच वर्गात घडवण्याची सोय न्यूझीलंडमध्ये आहे. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे आणि तिला वाणिज्य पदवीची जोड देता येते. माती, रोग, सर्वेक्षण, लाकूडतोड हे एकीकडे. हिशेब, वित्त, मार्केटिंग दुसरीकडे. त्या देशाला याची गरजही तशीच आहे. तिथल्या लागवडीची जंगलं सतरा-अठरा लाख हेक्टरांवर असून त्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास एकच झाड, रेडिएटा पाइन. मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं हे झाड तिथे साधारण अठ्ठावीस वर्षांत तोडणीला येतं. त्याचे ओंडके जहाजाने गुजरातच्या कांडला बंदरातही उतरले आहेत.

आता एक साधा प्रश्न. पाइनचं झाड सात-आठ वर्षांचं झालं की खालच्या फांद्या छाटायच्या की नाही? छाटल्या तर बुंध्याशी बिनगाठीचं लाकूड तयार होतं आणि त्याला भाव जास्त मिळतो. वनशास्त्र म्हणेल, छाटा. वाणिज्य विचारील, किती खर्च? छाटणीवर आज शंभर रुपये घातले आणि आठ टक्के व्याज धरलं, तर वीस वर्षांनी ते सुमारे चारशे सहासष्ट होतात. बिनगाठीच्या लाकडाने तेवढे जादा दिले नाहीत, तर कोयता न चालवलेलाच बरा. शिवाय झाड उभं ठेवण्यातही आता पैसा आहे. २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये कार्बनचा बाजार सुरू झाला आणि झाडांनी शोषलेल्या कार्बनला भाव मिळू लागला, त्यामुळे ‘तोडावं की राखावं’ हा प्रश्न आणखी अवघड झाला.

हा हिशेब नवा नाही. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ मध्येच दाखवून दिलं होतं की नुसत्या उभ्या झाडाची किंमत काढून भागत नाही. ते उभं असेपर्यंत खालची जमीन अडकलेली असते, तिचं भाडंही धरावं लागतं. गंमत अशी, की व्याज धरलं की तोडणी लवकर येते. म्हणून निव्वळ वाणिज्य शिकलेल्या माणसाच्या हाती जंगल द्यायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. पक्षी, झरे, माती यांचा भाव कुठल्याच बाजारात लागत नाही.

आपल्याकडे जंगल आणि हिशेब यांची सांगड घालायची गरज गावांनाही पडली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या दिवसापासून बांबू किती तोडायचा हे ठरवणाऱ्यांनाच तो कोणाला, काय दराने विकायचा हेही ठरवावं लागलं. पदवीशिवाय त्यांनी ते केलं, पण प्रत्येक गावाच्या पाठीशी मेंढा-लेखासारखा अनुभव नसतो.

इथल्या विद्यार्थ्याला मात्र वाटा अरुंद आहेत. दापोलीला वनशास्त्राची पदवी आहे, पण तिथे बारावी विज्ञान शाखेतून झालेली लागते. वाणिज्यवाल्याला दार बंद. उलट पदवीनंतर भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत जाता येतं. १९८२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कोणत्याही शाखेच्या पदवीधराला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी घेते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा दिली. तेव्हा वर्गात बसून वनशास्त्र आणि दूरशिक्षणाने बी.कॉम. असा बेत करायला हरकत नाही. फक्त फी भरण्याआधी दोन्ही विद्यापीठांकडून परवानगी लेखी घ्या.