रेणुपृष्ठ
विद्रावकाचे रेणू एखाद्या रेणूला जेथवर भिडू शकतात, त्या सीमेस रेणुपृष्ठ म्हणतात. प्रतिकृतीत प्रत्येक अणू ठराविक त्रिज्येचा गोल मानतात. परंतु या गोलांमधील अरुंद फटींत पाणी शिरू शकत नाही. त्यामुळे केवळ गोलांच्या बाह्यरेषेवरून खरे पृष्ठ कळत नाही. ली व रिचर्ड्‌स यांनी १९७१ मध्ये पाण्याच्या रेणूच्या जागी सु. १·४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा शोधक गोल कल्पून तो अणूंवरून फिरविला. कॉनली यांनी १९८३ मध्ये अशा पृष्ठाची गणिती मांडणी केली : शोधक गोल एका अणूस टेकल्यास बहिर्गोल, दोहोंस टेकल्यास खोगिराकार व तिहींस टेकल्यास अंतर्गोल तुकडा मिळतो. हे तुकडे जोडून संगणक पृष्ठ रेखाटतो. औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खोबणीत बसू शकेल, हे त्यावरून अजमावता येते.